शरीरातील निरोप्ये : दाह, आमवात आणि उपचारांची दुधारी तलवार



आजच्या विषयाचे नाव ऐकायला जड आहे, वस्तू मात्र घराघरातली आहे. सकाळी उठल्यावर ज्या गृहिणीची बोटे तासभर मिटत नाहीत, कणीक मळताना जिच्या मनगटातून कळ जाते, दुधाचे पातेले दोन्ही हातांनी धरूनही जिला उचलवत नाही, आणि दुपारपर्यंत हात सैल झाले की जिला घरातील मंडळी सहजपणे "आता बरे आहे ना?" असे विचारतात, त्या गृहिणीच्या दुखण्याशी आजच्या विषयाचा थेट संबंध आहे. उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात निराळा. हा आजार ऐन तिशी-चाळिशीतही दाराशी येतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि दुर्लक्ष झाले तर काही वर्षांत हाताची बोटे कायमची वाकडी करून जातो. आयुर्वेदातील 'माधवनिदान' या ग्रंथात 'आमवात' या नावाने एका सांधेदुखीचे स्वतंत्र वर्णन आले आहे. इंग्रजीत ज्याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्यासाठी मराठीत आज हेच नाव रूढ झाले आहे.

हा आजार बाहेरून आलेल्या कोणत्याही शत्रूने चालवलेला नसतो. आपल्याच शरीराच्या संरक्षणासाठी निर्माण झालेली काही प्रथिने आपले काम संपल्यावरही थांबत नाहीत, आणि रक्षणासाठी पेटवलेली धुनी घरालाच लागते. ही प्रथिने कोणती, ती कशी सापडली, त्यांना आवर कसा घालता येतो आणि तो घालताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा विचार आज करावयाचा आहे.

दाह म्हणजे काय?

पायात काटा रुतला की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची नेमकी हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. लक्षणे दोन हजार वर्षांपासून ठाऊक होती. ती घडवून आणतो कोण, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कळले नव्हते.

काट्याबरोबर जंतू आत शिरतात. त्वचेखाली पहारा देणाऱ्या भक्षक पेशी त्यांना ओळखतात. परंतु एकट्या पहारेकऱ्याने काम भागत नाही. गावाला हाक द्यावी लागते. यासाठी त्या पेशी अत्यंत सूक्ष्म प्रमाणात काही प्रथिने सोडतात. ही प्रथिने म्हणजे शरीरातील निरोप्ये. शास्त्रीय भाषेत त्यांना सायटोकाइन म्हणतात. एका पेशीने सोडलेला निरोप्या दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक ग्राहकाला जाऊन बिलगतो आणि त्या पेशीला आज्ञा मिळते. किल्ली ज्या कुलपाची, तेच कुलूप उघडावे, असा हा व्यवहार आहे.

निरोप मिळताच रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो, म्हणून सूज येते. रक्तातील पांढऱ्या पेशी त्या दिशेने धावतात. हाच निरोप मेंदूपर्यंत पोचला की ताप येतो, भूक मंदावते, अंग मोडून येते. आणि इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप्या यकृतापर्यंत गेला की यकृत एक विशिष्ट प्रथिन रक्तात सोडू लागते. प्रयोगशाळेच्या कागदावर 'सीआरपी' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो याच प्रथिनाचा. म्हणजे सीआरपी वाढला याचा अर्थ शरीरात कोठेतरी हाक दिली गेली आहे. ती कोणी आणि कशासाठी दिली, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

जंतू संपले, जखम भरली की हे निरोप थांबतात. थांबवण्याचे निरोपही शरीरापाशी असतात; त्यांचे निरोप्ये वेगळे. दाह ही मुळात आरोग्याची खूण आहे, आणि तो पेटण्याइतकेच त्याचे वेळेवर विझणेही महत्त्वाचे आहे.

या निरोप्यांपैकी पहिल्याचे नाव १९५७ साली ठेवले गेले. लंडन येथे अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना असे आढळले की, विषाणूची बाधा झालेल्या पेशी एक असा पदार्थ सोडतात, ज्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात. त्यांनी त्याला इंटरफेरॉन म्हटले. पुढे एकामागून एक निरोप्ये सापडत गेले. नुसत्या इंटरल्यूकिनांचीच संख्या आज तिसाच्या वर आहे. त्यांपैकी आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निरोप्या मात्र अगदी अनपेक्षित वाटेने हाती आला.

कर्करोगाच्या शोधात सापडलेला निरोप्या

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे एक शल्यविशारद होते. काही कर्करोग्यांना जिवाणूंचा तीव्र संसर्ग होऊन भरपूर ताप आला आणि त्यानंतर त्यांची गाठ विरघळली, अशी उदाहरणे त्यांच्या वाचनात आली. १८९१ पासून त्यांनी रुग्णांना मुद्दाम जिवाणू, आणि पुढे मारलेल्या जिवाणूंचे मिश्रण टोचून पाहिले. काहींना गुण आला, पुष्कळांना आला नाही. असे का होते, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

ते उत्तर मिळू लागले १९७५ साली. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना प्रथम बीसीजी टोचली. आपल्याकडे तान्ह्या बाळाला क्षयाविरुद्ध टोचतात तीच ही लस. त्यानंतर त्या उंदरांना जिवाणूंच्या आवरणातील विष दिले. या उंदरांच्या रक्तद्रवात एक पदार्थ निर्माण झाला आणि तो गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या गाठी काळ्या पडून मेल्या. म्हणून त्याचे नाव पडले ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच गाठ मारणारा घटक, थोडक्यात टीएनएफ.

त्याच काळात त्याच शहरातील रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी हे अगदी निराळ्या प्रश्नामागे होते. दीर्घ संसर्गाने ग्रासलेली जनावरे खाण्यापिण्याची ददात नसतानाही हाडकुळी का होत जातात, हा त्यांचा प्रश्न होता. शरीर झिजवणारा एक पदार्थ त्यांच्या प्रयोगशाळेला मिळाला. १९८५ मध्ये ब्रूस बॉइटलर आणि सेरामी यांनी दाखवून दिले की, गाठ मारणारा टीएनएफ आणि शरीर झिजवणारा हा पदार्थ एकच आहे. गावाच्या एका वेशीवर रक्षक म्हणून ज्याची ख्याती, तोच दुसऱ्या वेशीवर लुटारू म्हणून ओळखला जावा, तसे हे झाले.

साहजिकच कर्करोगावर टीएनएफ देण्याचे प्रयोग झाले. परंतु गाठ मरेल इतक्या मात्रेत तो रक्तात सोडला की रुग्णाचा रक्तदाब कोसळू लागे. मग उलट विचार पुढे आला. रक्तात जंतुविष पसरून रुग्ण दगावतो, तेव्हा घात करणारा हाच असेल, तर यालाच अडवावे. उंदरांत हा उपाय चालला. माणसांवरील चाचण्यांत मात्र अपेक्षित यश आले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील यान व्हिल्चेक आणि जुनमिंग ले यांनी टीएनएफला अचूक पकडणारे प्रतिपिंड तयार केले होते आणि सेंटोकोर नावाच्या कंपनीने त्यातील उंदराचा बराचसा अंश बदलून ते माणसाच्या शरीराला मानवेल असे केले होते. औषध तयार होते. त्याला त्याचा खरा रोग अजून सापडावयाचा होता.

लंडनमधील दोन वैद्यक

तो रोग शोधला लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधील दोघांनी. सर रविंदरनाथ मैनी यांचा जन्म १९३७ साली लुधियानाचा. बालपण आफ्रिकेतील युगांडात आणि वैद्यकीय शिक्षण इंग्लंडमध्ये. सर मार्क फेल्डमन यांचा जन्म १९४४ साली पोलंडमधील एका ज्यू कुटुंबातला. ते वाढले ऑस्ट्रेलियात. एक रुग्णांच्या खाटेजवळचे, दुसरे सूक्ष्मदर्शकाजवळचे. जन्मभूमीपासून दूर गेलेल्या या दोघांच्या सहकार्यातून एका जुन्या व्याधीचा उलगडा व्हावयाचा होता.

आमवाताच्या रुग्णाच्या सांध्यातील अस्तर काढून तपासले तर त्यात एक नव्हे, अनेक निरोप्ये सापडत होते : टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि इतरही. त्यामुळे जाणकारांचे मत असे होते की, दहा जण ओरडत असताना एकाचे तोंड बंद करून काय उपयोग? फेल्डमन, मैनी आणि त्यांच्या सहकारी फिओनुला ब्रेनन यांनी हा समज प्रयोगाने तपासला. रुग्णांच्या सांध्यातील पेशी त्यांनी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांत टीएनएफला अडवणारे प्रतिपिंड घातले. १९८९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, टीएनएफ अडताच इंटरल्यूकिन-१ चीही निर्मिती मंदावली. म्हणजे दहाही जण समान नव्हते. एकाच्या हाकेवर बाकीचे ओरडत होते. पेढीवरच्या मुनिमाने वही मिटली की गादीवरचे सारे व्यवहार थांबावेत, तसा हा प्रकार होता.

१९९१ मध्ये ग्रीसमधील जॉर्ज कोलियास यांच्या गटाने ज्यांच्या शरीरात मानवी टीएनएफ अतोनात तयार होईल असे उंदीर निर्माण केले. त्या उंदरांना आपोआप सांधेदाह झाला. दुवा आणखी पक्का झाला.

१९९२ साली लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना हे प्रतिपिंड शिरेतून देण्यात आले. एकंदर २० रुग्ण होते. त्यांचा आजार जुना होता आणि इतर औषधांना दाद देत नव्हता. त्यांच्या वेदना, सकाळचा ताठरपणा, सांध्यांची सूज आणि रक्तातील सीआरपी हे सारे वेगाने उतरले. परंतु नव्या औषधाच्या केवळ आशेनेही रुग्णाला बरे वाटते, हे वैद्यकशास्त्र जाणते. म्हणून पुढील चाचणी कठोर ठेवली गेली. ७३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. कोणाला औषध आणि कोणाला नुसता औषधविरहित द्रव दिला, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. चार आठवड्यांनी हिशेब मांडला तेव्हा औषधविरहित द्रव मिळालेल्या २४ जणांपैकी २ सुधारले होते, कमी मात्रेच्या २५ पैकी ११ आणि अधिक मात्रेच्या २४ पैकी १९. हे आकडे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या औषधाचे नाव इन्फ्लिक्सिमॅब. आतड्याच्या क्रोन्स या दाहक रोगासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी आमवातासाठी. १९९८ मध्येच एटानरसेप्ट आणि २००२ च्या अखेरीस अडालिमुमॅब ही त्याच कुळातील औषधे आली. फेल्डमन आणि मैनी यांना २००३ साली लास्कर पुरस्कार देऊन गौरविण्यात आले. व्हिल्चेक यांची गोष्टही दातृत्वाचा संस्कार असलेल्या समाजाने ऐकण्याजोगी आहे. चेकोस्लोव्हाकियातून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या या संशोधकाला औषधाच्या स्वामित्वशुल्कातून मोठी प्राप्ती झाली. त्यांनी ज्या विद्यापीठाने आश्रय दिला त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला २००५ साली सुमारे १०.५ कोटी डॉलर मूल्याची देणगी जाहीर केली.

निरोप्याला अडवण्याची किंमत

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. तिची दुसरी बाजू भारतातील प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतली पाहिजे.

क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले म्हणजे प्रत्येकाला क्षय होतोच असे नाही. बहुतेकांच्या शरीरात संरक्षक पेशी त्या जंतूंभोवती घट्ट वेढा घालतात आणि त्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात. माणूस निरोगी असतो, खोकला नाही, ताप नाही. जंतू मात्र आत झोपलेले असतात. हा वेढा टिकवून धरणारा मुख्य निरोप्या कोणता? तोच टीएनएफ. त्याला औषधाने अडवले की सांध्यांतील आग विझते, आणि त्याच वेळी तुरुंगाच्या भिंतीचे दगडही ढिले होतात.

२००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आलेल्या नोंदींवरून एक अहवाल प्रसिद्ध झाला. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाला होता. त्यांपैकी ४८ जणांना तो तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच झाला होता. निम्म्याहून अधिकांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला होता, म्हणजे ओळखायला अवघड. तेव्हापासून ही औषधे सुरू करण्यापूर्वी लपलेल्या क्षयाची तपासणी करण्याचा दंडक पडला.

भारतात या दंडकाचे महत्त्व किती आहे, हे सांगावयास नको. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील शंभर जणांमागे सुमारे ३१ जणांमध्ये क्षयाच्या संसर्गाची खूण आढळली. हे सारे आजारी नाहीत. परंतु त्यांच्यापैकी कोणाला टीएनएफ अडवणारे इंजेक्शन द्यावयाचे झाल्यास छातीचा एक्स-रे, त्वचेची किंवा रक्ताची क्षयचाचणी आणि गरज पडल्यास आधी प्रतिबंधक गोळ्या, हा क्रम टाळून चालणार नाही. "इतक्या तपासण्या कशाला? डॉक्टर खर्च वाढवतात," अशी कुजबुज घराघरात होते. या ठिकाणी तो खर्च अनाठायी नाही.

एकच निरोप, अनेक रोग

टीएनएफने वाट दाखवली आणि इतर निरोप्यांचाही माग लागला. जपानमधील ओसाका येथे तादामित्सु किशिमोटो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ चे जनुक शोधले. त्याचा निरोप अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध पुढे आमवातासाठी वापरात आले. सोरायसिस या त्वचारोगात इंटरल्यूकिन-१७ आणि २३ यांचा हात आहे, हे कळल्यावर त्यांना आवरणारी औषधे निघाली. पायाचा अंगठा मध्यरात्री अचानक सुजून पांघरुणाचा स्पर्शही सहन होऊ नये, अशा गाऊट या व्याधीत युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक पेशींना डिवचतात आणि इंटरल्यूकिन-१ बाहेर पडते, हे २००६ साली स्पष्ट झाले.

हृदयविकाराशीही दाहाचा संबंध आहे काय, हे तपासण्यासाठी एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेला असलेले १०,०६१ रुग्ण तीत होते. इंटरल्यूकिन-१ अडवल्याने पुढील झटके व तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु प्राणघातक संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले. निरोप्याला अडवणे हे नेहमी असे देण्याघेण्याचे काम असते.

याचा सर्वांत कटू अनुभव साऱ्या जगाने करोनाच्या काळात घेतला. त्या आजारात काही रुग्णांना पहिल्या आठवड्यानंतर विषाणूपेक्षा स्वतःच्या दाहानेच अधिक इजा होत होती. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले की, डेक्सामेथासोन या जुन्या आणि स्वस्त स्टेरॉइडने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. याच चाचणीत टोसिलिझुमॅब मिळालेल्यांपैकी ३१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. लाभ खरा होता, पण तो मर्यादित होता आणि ठरावीक रुग्णांपुरता होता.

आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ही मर्यादा विसरली गेली. महाराष्ट्रातील कुटुंबे एका इंजेक्शनसाठी शहरोशहरी फोन फिरवीत होती आणि वाटेल ती किंमत मोजीत होती. दुसरीकडे साध्या तापालाही पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू होत होते. विषाणूशी लढण्याचा निरोप ज्या वेळी पोचावयास हवा, त्याच वेळी तो गाडला गेला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांच्या संगतीने काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे अनेक घरांना आठवत असेल. दोष औषधाचा नव्हता. वेळ आणि मात्रा चुकली होती.

परवडणारे आणि न परवडणारे

प्रत्येक आमवाताच्या रुग्णाला महागडे इंजेक्शन लागते, हा समज चुकीचा आहे. आजही उपचाराचा पाया मेथोट्रेक्सेट ही स्वस्त गोळी आहे. हे औषध अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेत जन्मले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातील भीमावरमचे हे सुपुत्र. त्यांचे कार्य फार मोठे आणि नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक. मूळचे कर्करोगासाठीचे हे औषध अत्यल्प मात्रेत आमवातावर गुणकारी ठरले. पुष्कळ रुग्णांचे यावर आणि जोडीच्या एखाद्या गोळीवर उत्तम चालते. त्याने भागले नाही तरच इंजेक्शनांचा विचार करतात, आणि बहुधा तेव्हाही मेथोट्रेक्सेट सोबत चालू ठेवतात.

इंजेक्शनांच्या बाबतीतही चित्र बदलले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला या कंपनीने अडालिमुमॅबची जगातील पहिली समरूप आवृत्ती बाजारात आणली, आणि ती मूळ औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त होती. पेशीच्या आत जाऊन निरोपाची साखळी तोडणाऱ्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही २०१२ पासून उपलब्ध झाल्या. मात्र वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांनी त्या विशेष जपून घ्याव्यात, असा इशारा २०२१ मध्ये दिला गेला आहे.

ही इंजेक्शने प्राण्यांच्या पेशींच्या साहाय्याने तयार होतात, ही वस्तुस्थिती या सभागृहात झाकून ठेवणे योग्य नाही. अडालिमुमॅबसाठी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींचा वंश वापरतात. तो १९५७ साली मिळवलेला असून तेव्हापासून प्रयोगशाळेतच वाढतो आहे. प्रत्येक इंजेक्शनासाठी नवा जीव घेतला जात नाही. संशोधनात उंदरांवर प्रयोग झाले, हेही खरे. मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब ही रासायनिक पद्धतीने बनणारी औषधे आहेत. ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्यांनी तो मनात ठेवून गुपचूप औषध टाकून देण्यापेक्षा डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा. पर्याय बहुधा असतो.

घरात काय पाळावे?

पहिली गोष्ट म्हणजे ओळख. हाताची लहान बोटे, मनगटे, पायाचे चवडे असे दोन्ही बाजूंचे सांधे एकाच वेळी सुजणे, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकणे आणि हे सहा आठवडे चालणे, एवढे दिसले की तेल, शेक आणि वेदनाशामक यांवर वेळ न दवडता संधिवाततज्ज्ञांकडे जावे. सांध्याच्या कूर्चेची आणि हाडाची झीज पहिल्या दोन वर्षांतच वेगाने होते. गेलेले हाड कोणतेही औषध परत आणत नाही.

दुसरी गोष्ट : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ते चुकून रोज पडले तर रक्तपेशींची निर्मिती थांबून जीव जाऊ शकतो. वार ठरवावा आणि तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. घरातील ज्येष्ठांच्या गोळ्या जो काढून देतो, त्यालाही हे ठाऊक असावे. रक्ताच्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. अपत्याचा विचार असेल तर कित्येक महिने आधी डॉक्टरांना सांगावे, कारण हे औषध गर्भाला घातक आहे.

तिसरी गोष्ट पुड्यांची. 'तीन दिवसांत वात साफ' अशी हमी देणाऱ्या बिनानावाच्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने तीन दिवसांत बरे वाटते हे खरेच, कारण सारे निरोप एकदम गाडले जातात. वर्षभराने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि मूळ रोग जागच्या जागी असतो. अशी पुडी किंवा स्टेरॉइडची गोळी दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. शरीरातील नैसर्गिक ग्रंथी तोवर झोपी गेलेली असते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी.

याच कारणाने तपश्चर्येच्या दिवसांचा विचार आधी करावा. पर्युषणात अनेक दिवसांचा उपवास करावयाचा असेल, किंवा सूर्यास्तानंतर पाणीही घ्यावयाचे नसेल, तर गोळ्यांची वेळ कशी बसवावी हे पंधरा दिवस आधी विचारून ठेवावे. शरीरातील पाणी कमी झाले की मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे नीट बाहेर पडत नाही आणि त्याची विषबाधा होऊ शकते. औषध स्वतःच्या मनाने बंद ठेवून तप पूर्ण करणे यात शरीराला मोठा धोका आहे, हे कुटुंबीयांनी समजावून द्यावे.

चौथी गोष्ट इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काहीही जाणवले तर पुढील मात्रा घेण्यापूर्वी सांगावे. जिवंत जंतूंच्या लसी या काळात चालत नाहीत. इतर लसी, विशेषतः फ्लू आणि न्यूमोनियाच्या, शक्यतो आधीच घेऊन ठेवाव्यात.

आणि शेवटची गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. या रोगात बाहेरून फारसे काही दिसत नाही. सकाळी ज्या हातांना चहाचा कप धरवत नाही, तेच हात संध्याकाळी पोळ्या लाटताना दिसतात. त्यामुळे "हिचे दुखणे सोयीचे आहे" असा अन्याय घरातल्याच माणसांकडून नकळत होतो. सकाळी सांध्यांतील दाह तीव्र असतो आणि दिवस चढेल तसा ओसरतो, याला आता रक्तात मोजता येणारा आधार आहे. रात्रीच्या उत्तरार्धात इंटरल्यूकिन-६ चे प्रमाण वाढते. ते दुखणे ढोंगाचे नव्हे. सकाळच्या त्या दोन तासांचे काम घरातील इतरांनी वाटून घेतले, तर तो उपचाराचाच भाग ठरेल.

आग लावणाऱ्या निरोप्याचा शत्रू म्हणून नायनाट करावयाचा नसतो. त्याचे काम थांबेनासे झाले की त्याला आवर घालावयाचा असतो, तोही वेळ आणि प्रमाण पाहून, आणि त्याच्या गैरहजेरीत वेशीवर पहारा कोण देईल याची व्यवस्था करून. विज्ञानाने हे शिकण्यास १८९१ पासून शंभर वर्षे घेतली. आपल्या घरातील एखाद्या माता-भगिनीची बोटे वाकडी होण्याआधी ते शिकून घेण्यास फार वेळ लागू नये.

सर्वांना निरामय आयुष्य लाभो.